जीभ बिचारी निर्दोष

मूल तीन वर्षांचं होत आलं आणि अजून धड बोलत नाही म्हटलं, की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी वेखंड उगाळून मधातून जिभेवर चोळायला सांगतं, कुणी पोपटानं उष्टावलेला पेरू भरवायला सांगतं, तर कुणी जिभेखालची दोरी कापून घ्या म्हणतं. 'जीभ जड आहे' हे निदान तर शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही करून टाकतं. हे सगळे उपाय एका जिभेच्याच मागे लागलेले असतात. प्रत्यक्षात नीट न बोलणाऱ्या बहुतेक मुलांची जीभ ठणठणीत असते. ती आइस्क्रीम चाटते, दातात अडकलेला शेंगदाणा शोधून काढते, पाहुण्यांना वाकुल्या दाखवते. अडचण दुसरीकडेच असते, कानात, टाळूत किंवा मेंदूत होणाऱ्या ध्वनींच्या जुळणीत. ती शोधायची सोडून वेखंड चोळण्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवूच नये. त्यात कधीकधी अशा जिवाणूंचे बीजाणू असतात, की बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

जिभेखालचा पडदा काही बाळांमध्ये आखूड असतो, हे खरं आहे. त्यामुळे बाळाला अंगावर पिताना त्रास होत असेल, तर डॉक्टर छोटीशी चीर देऊन तो मोकळा करतात. पण बोलायला जीभ लांब बाहेर काढावी लागत नाही. 'त', 'द', 'ल' यांसाठी तिचं टोक वरच्या दातांमागे टेकलं की काम झालं. टोक तिथवर पोचतच नसेल, तर काही उच्चारांपुरता त्या पडद्याचा विचार करावा लागतो. मूल उशिरा बोलायला लागलं याचं खापर मात्र त्या दोरीवर फोडता येत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? कानापासून. 'अहो, ऐकू तर चांगलं येतं त्याला, ताट पडलं की दचकतो!' हे वाक्य प्रत्येक वाक्श्रवण तज्ज्ञाच्या पाठ झालेलं असतं. पण ताट पडल्याचा आवाज मोठा असतो आणि तो सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. बोलण्यातले आवाज तसे नसतात. 'आ', 'ऊ', 'म' हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस, तर 'स', 'श', 'फ' वरच्या पट्टीतले आणि क्षीण. ज्याला फक्त वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही, ते मूल ताटाला दचकतं, दाराची घंटा वाजली की धावतं, 'ये इकडे' म्हटलं की येतंही. पण 'साखर' त्याच्यापर्यंत 'आखर' होऊन पोचते. जो आवाज कानांवर कधी पडलाच नाही, तो तोंडातून यायचा कसा? घरच्यांना वाटतं, ऐकू येतं पण बोलत नाही. म्हणजे जीभच जड असणार!

दुसरा प्रकार आणखी चकवणारा आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, फुटत नाही. ऐकू मात्र कमी येतं, तेही आज कमी तर आठवड्यानं बरं. 'मनात असलं की बरोबर ऐकतो' असा शेरा अशाच मुलांना मिळतो. यावर उपचार आहेत, फक्त कान-नाक-घसा तज्ज्ञापर्यंत जायला हवं.

तान्ह्या बाळाचंही ऐकणं तपासता येतं. ओएई चाचणीत कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत प्राथमिक उत्तर मिळतं. बेरा चाचणीत बाळ झोपलेलं असताना डोक्याला चिकटवलेल्या तारांमधून कानापासून मेंदूकडे जाणारे संकेत मोजतात. जगभर यासाठी एक-तीन-सहा असा हिशेब धरतात: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. आपल्याकडे बरीच मुलं बोलत नाहीत म्हणून दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा कान तपासायला येतात. भाषा शिकण्याचा सगळ्यात सुपीक काळ तोवर सरत आलेला असतो. श्रवणयंत्र पुरेसं नसेल तर शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट हा पर्याय आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते, पण वयाची अट असल्याने उशीर परवडत नाही. आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलायला लागत नाही. नव्याने मिळालेल्या आवाजांचा अर्थ लावायला त्याला पुढे दीर्घकाळ शिकवावं लागतं. ऑपरेशनसाठी जिवाचं रान करणारी कुटुंबंही नेमकी या टप्प्यावर थकतात.

आता 'उशिरा' म्हणजे किती उशिरा? साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द यावा. 'भूभू', 'माऊ', 'हम्मा' हेही शब्दच, ते मोजायचे. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी जमावी. घराबाहेरच्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं कळावं, तीन वर्षांच्या मुलाचं बारा आणे आणि चौथ्या वर्षी जवळपास सगळं. थोडं मागे-पुढे चालतं. उशिरा बोलणारी कितीतरी मुलं पुढे बरोबरीला येतात. पण कोणतं येईल आणि कोणतं मागे राहील, हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. 'त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले' या वाक्यानं घरात सगळ्यांना हायसं वाटतं. खरं तर बोलण्याच्या अडचणी घराण्यात चालत येतात, म्हणजे हे वाक्य लवकर तपासणी करण्याचं कारण आहे. हाक मारली तरी वळून न पाहणं, बोटानं वस्तू न दाखवणं किंवा येत असलेले शब्द विसरत जाणं, यांपैकी काही दिसलं तर वाट पाहायचीच नाही. तिथे प्रश्न बोलण्यापुरता नसतो, स्वमग्नतेची तपासणीही करावी लागते.

टाळूचं दुखणं दिसायला सोपं. फाटलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू जन्मतःच कळते. जगात साधारण दर सातशे बाळांमागे एकाला हा दोष असतो. आपल्याकडे अजूनही त्याचा ठपका आईवर येतो; गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, म्हणून झालं! ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. गर्भ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असताना चेहऱ्याचे भाग जुळून येतात. ते पूर्ण जुळले नाहीत की फट राहते, आणि त्यामागे जनुकं व इतर अनेक कारणांची सरमिसळ असते. बोलण्याच्या दृष्टीनं महत्त्व आहे ते टाळूला. 'प', 'ब', 'ट', 'क' म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते आणि त्या वेळी मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. टाळूला फट असेल तर हवा नाकातून निसटते आणि 'बाबा' म्हणायला गेलं की 'मामा' होतं. टाळूची शस्त्रक्रिया म्हणूनच बोलणं सुरू होण्याच्या सुमारास, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. ती लांबली तर मूल आपल्या परीनं पळवाट काढतं. तोंडात हवा कोंडता येत नाही म्हणून ते घशात कोंडतं, आणि ही सवय टाळू शिवल्यानंतरही आपोआप जात नाही. ती मोडायला वाचा उपचार लागतात. काही मुलांत वरची कातडी शाबूत आणि आतला स्नायू दुभंगलेला असतो. त्यांचं गेंगाणं बोलणं वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

सगळ्यात जास्त मुलं भेटतात ती मात्र बोबडं बोलणारी. 'काका'चा 'ताता', 'गाडी'ची 'दाडी', 'खाऊ'चा 'थाऊ'. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव ना' असा आग्रह होतो, सगळे हसतात. हसण्यासारखं त्यात फार नाही, कारण हे मूल मोठ्या शिस्तीनं चुकत असतं. घशाजवळ उच्चारले जाणारे सगळे वर्ण ते दातांपाशी आणतंय, म्हणजे 'क'चा 'त', 'ग'चा 'द', 'ख'चा 'थ'. नियम एक आणि चुका शंभर. गंमत पाहायची असेल तर त्याला मुद्दाम 'तो बघ तावला' म्हणा. ते चिडून सांगेल, 'तावला नाही, तावला!' कानाला फरक कळतो, तोंडाला अजून करता येत नाही. साडेतीन-चार वर्षांपर्यंत ही खोड बहुतेकांची आपोआप सुटते. 'र', 'ळ', 'श' हे वर्ण आणखी उशिरा स्थिरावतात, त्यामुळे चार वर्षांचं पोर 'राम'ला 'लाम' म्हणालं तर घाबरायचं कारण नाही.

ही खोड सुटलीच नाही तर? उपचार कसे चालतात ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. टेबलावर खेळण्यातली कार आणि तारेचा एक तुकडा ठेवलेला असतो. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला हवी आहे कार. ते म्हणतं, 'तार दे.' थेरपिस्ट ताई शांतपणे तारेचा तुकडा हातात देतात. मूल गोंधळतं. 'ही नाही, ती तार!' 'हीच तर तार. घे की.' घरी 'ताता' म्हटलं तरी काका येतात, 'दाडी' म्हटलं तरी गाडी मिळते. आपल्या उच्चारानं अर्थ बदलतो, हे त्याला इथे पहिल्यांदा कळतं. ते ताईंच्या तोंडाकडे निरखून बघायला लागतं, आणि खरं शिकणं तिथून सुरू होतं. मग आरसा येतो. आ वासून गुळण्या केल्यावर घशाशी होणारी गुदगुली जिभेचं मूळ कुठे आहे ते सांगते. जिभेचं टोक चपट्या पट्टीनं अलगद खाली दाबून धरलं आणि 'ता' म्हणायला सांगितलं, तर 'ता' जमत नाही, जीभ मागून उचलली जाते आणि अवचित 'का' निघतो. तो क्षण मुलापेक्षा आईला जास्त सुखावतो. नंतर 'का', 'की', 'कू', मग 'कार', मग 'माझी कार', मग सहज बोलण्यात. शेवटची पायरी सगळ्यात चिवट. वर्गात 'क' स्वच्छ म्हणणारं मूल जिना उतरता उतरता 'तधी दायचं धली?' विचारतं.

बऱ्याच ठिकाणी उच्चारांसाठी मेणबत्तीवर फुंकर मारणं, शिट्टी वाजवणं, नळीनं कापूस उडवणं असे व्यायाम करवून घेतात. मुलांना मजा येते, पालकांना काहीतरी चाललंय असं वाटतं. पण उच्चार सुधारतात ते उच्चारांच्या सरावानं. फुंकरीनं 'क' सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. तासातला निम्मा वेळ फुंकण्यात जात असेल, तर पालकांनी खुशाल प्रश्न विचारावा.

एक पथ्य खुद्द तपासणाऱ्यानं पाळायचं. वऱ्हाडातलं मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणत असेल, आगरी घरातलं 'डोला' म्हणत असेल, 'पाणी'चं 'पानी' होत असेल, तर तो दोष नव्हे, ती त्याच्या घरची बोली आहे. आई-आजी जसं बोलतात तसं ते बोलतं आहे आणि बरोबर बोलतं आहे. पुस्तकी मराठी हीच फूटपट्टी धरली तर निम्म्या महाराष्ट्राला उपचार द्यावे लागतील.

क्वचित एखादं मूल असं भेटतं, की एकच शब्द तीनदा म्हणायला लावला तर तीन तऱ्हांनी म्हणतं, आणि शब्द लांबला की आणखी चाचपडतं. इथे अडचण हालचालींच्या आखणीत असते. काय म्हणायचं ते ठाऊक आहे, स्नायूंत बळ आहे, पण ओठ, जीभ, टाळू यांना कोणत्या क्रमानं हलवायचं हा आराखडा मेंदूत नीट बनत नाही. याला वाचिक अप्रॅक्सिया म्हणतात. लंडनमधल्या एका कुटुंबात, संशोधक त्याला केई कुटुंब म्हणतात, तीन पिढ्यांतल्या निम्म्या माणसांना अशा स्वरूपाचा त्रास होता. त्यांचा अभ्यास करता करता २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना फॉक्सपी२ या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. वाचेशी थेट जोडलेलं ते पहिलं जनुक. सगळ्यांमध्ये हेच कारण असतं असं मुळीच नाही. पण जीभ जड म्हणून ज्यांना धपाटे मिळाले असतील, अशा किती मुलांची पाटी या शोधानं कोरी करायला हवी! या मुलांना आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही; थोडा थोडा, पण वारंवार सराव लागतो.

तोतरेपणाची कथा वेगळी. दोन ते पाच या वयात, वाक्यं लांबायला लागली की शंभरातली साधारण पाच मुलं काही काळ अडखळतात. 'म-म-म-मला', 'आआआई', किंवा तोंड उघडं आणि आवाजच नाही. बहुतेकांचं आपोआप थांबतं. मोठेपणी हे प्रमाण शंभरात एकावर येतं. मुलींचं जास्त सुटतं, मुलग्यांचं जास्त टिकतं. भीतीनं धसका घेतला, कुणाची नक्कल केली, डावखुऱ्याला उजव्या हातानं लिहायला लावलं, ही कारणं टिकलेली नाहीत. मेंदूतल्या बोलण्याच्या मार्गांत फरक असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो.

एकेकाळी मात्र तोतरेपणा पालकांच्या टोकण्यामुळेच जडतो, असा सिद्धांत जोरात होता. तो मांडणारे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं डेव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना 'तू तोतरं बोलायला लागली आहेस, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस' अशा अर्थाचं महिनोन्‌महिने बजावलं. मुलं तोतरी झाली असं काही सिद्ध झालं नाही, पण ती मिटून गेली, बोलणं टाळायला लागली, अभ्यासात मागे पडली. विद्यापीठानं २००१ मध्ये माफी मागितली; २००७ मध्ये आयोवा राज्यानं त्यांतल्या काहींना भरपाई दिली. कारणाबद्दल जॉन्सन चुकले. पण बोलण्याची लाज वाटायला लावली की मूल बोलणं सोडतं, एवढं त्या क्रूर प्रयोगातून दिसलं, आणि आपल्या घरांत तो प्रयोग आजही चालू आहे.

'हळू बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर, मग बोल', सगळं प्रेमापोटीच. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं, की मी बोललो ते चुकलं. तोंडात गोटी ठेवून वाचायला लावणं तर सरळ धोक्याचं आहे. ती घशात अडकू शकते. त्यापेक्षा आपला स्वतःचा वेग कमी करावा, त्याचं वाक्य आपण पुरं करू नये, आणि बोलत असताना घड्याळाकडे बघू नये. अडखळणं सहा महिन्यांच्या पुढे गेलं, घरात आणखी कुणी तोतरं असेल, किंवा बोलताना डोळे मिचकावणं, मान झटकणं सुरू झालं, तर थेरपिस्टकडे जावं. शाळेआधीच्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. त्यात उपचार करतात ते आई-बाबाच. थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज थोडा वेळ गप्पा, आणि सलग, न अडखळता आलेल्या वाक्याला मनापासून दाद.

शाळेत या मुलाला सगळ्यात अवघड जातं स्वतःचं नाव. दुसरा शब्द अडला तर पर्यायी शब्द वापरता येतो, नावाला पर्याय नाही. हजेरी जवळ येताना त्याच्या पोटात गोळा येतो. तेच मूल सगळ्या वर्गाबरोबर कविता म्हणताना अजिबात अडखळत नाही, कारण समूहात बोलताना आणि गाताना तोतरेपणा जवळपास नाहीसा होतो. धडा वाचायला जोडीदार दिला, तर शिक्षकांना वेगळं काही करावंच लागत नाही.

उपचारातला मोठा भाग घरीच होतो, मग दोष कोणताही असो. मूल 'तावला आला' म्हणालं, तर ''क' म्हण, 'क'' असा धोशा नको. 'हो, कावळा आला! केवढा काळा कावळा!' एवढंच म्हणायचं आणि मटार सोलायला लागायचं. बरोबर उच्चार कानांवर पडत राहतो, गप्पाही तुटत नाहीत. मोबाइलचा दोष असेल तर तो इथे: पडदा बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. दोन वर्षांखाली पडदा नको आणि पाचपर्यंत दिवसाला तासाच्या आत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मात्र मोबाइल काढून घेतला की सगळं ठीक होईल, या भरवशावर कान तपासायचे राहू नयेत.

आणखी एक सल्ला ऐकून माझं डोकं फिरतं. मूल उशिरा बोलतंय म्हणून इंग्रजी शाळा सांगते, 'घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी गोंधळतो.' दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, तोतरेपणाही नाही. ज्या आईला इंग्रजीत भांडता येत नाही, लाड करता येत नाहीत, ती मग 'कम, सिट, ईट' एवढ्यावर येते आणि मुलाच्या कानांवर पडणारी भाषा निम्म्यानं आटते.

जायचं कुठे? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, नायर रुग्णालयात वाक्श्रवण विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांत उपचार होतात आणि खर्चही आटोक्यात राहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. खासगी थेरपिस्ट गाठलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका.

पहिल्या भेटीला जन्माची कागदपत्रं आणि कानाची चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल न्यावा. आणि घरी खेळताना, भावंडांशी भांडताना मूल जसं बोलतं त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ. कारण घरात अखंड बडबडणारं पोर दवाखान्यात नेमकं आईच्या ओढणीत तोंड लपवून बसतं.